आठ बाय बेचाळीस : दोन पावसाळे आणि एक सासूबाई

सकाळी दूध तापत ठेवलं की ते वर यायला आमच्या गॅसवर सात मिनिटं लागतात. माझं निम्मं पक्षीनिरीक्षण त्या सात मिनिटांतलं. उरलेलं बँकेत जेवणाच्या सुट्टीत, आणि महिन्यातून एखादा रविवार सुटला तर पुण्याजवळ नदीकाठी, कवडी पाटला. त्यामुळे दुर्बिणीची माझी परीक्षा एकच : खुंटीवरून काढल्यापासून पक्षी दिसेपर्यंत किती वेळ जातो. जंगलात तीन-तीन दिवस तळ ठोकणाऱ्यांचे हिशेब वेगळे असतील.

दुर्बीण ८ बाय ४२ आहे, यातलं आठ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. जानेवारी २०२४ मध्ये घेतली, साडेअकरा हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सर्व्हिस सेंटरबद्दल तक्रार आहे आणि मला भांडण नको. तसंही यातलं बरंचसं या मापाच्या कुठल्याही दुर्बिणीला लागू पडेल.

त्याआधी एक घोडचूक करून झाली होती. १० बाय ५० मागवली होती, ऑनलाइन, सेलमध्ये. आठपेक्षा दहा मोठं, बेचाळीसपेक्षा पन्नास मोठं, आणि किंमत निम्मी! बँकेत काम करणाऱ्या बाईने तरी असा हिशेब करू नये. किलोभर वजन, दोन मिनिटांत मनगटं दुखायला लागायची. दहापट मोठं दिसतं म्हणजे हाताची थरथरही दहापट दिसते, हे कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय दिसणारा तुकडा लहान. नुसत्या डोळ्यांनी समोर दिसणारा चष्मेवाला पक्षी दुर्बिणीत शोधेपर्यंत तो पुढच्या झाडावर गेलेला असायचा आणि माझं दूध शेगडीवर.

आठ बाय बेचाळीसने हे दुखणं गेलं. किचनच्या काट्यावर पट्ट्यासकट ७१० ग्रॅम भरते. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला आठने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणारा उजेडाचा गोल तेवढा. खिशात मावणाऱ्या ८ बाय २५ मध्ये हाच गोल जेमतेम तीनचा. भर दुपारी फरक कळत नाही, पण डिसेंबरात सकाळी साडेसहाला कवडी पाटच्या धुक्यात चांगलाच कळतो. पाण्यावर नुसते काळे ठिपके होते, दुर्बीण लावली आणि ठिपक्यांना नारिंगी-तपकिरी रंग आला. ब्राह्मणी बदकं! सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, अख्ख्या पुण्याचं सांडपाणी वाहून आणणारी मुळामुठा, फेस, जलपर्णी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नाकाला ओढणी. आणि त्यात हिमालयापलीकडून आलेली बदकं निवांत पंख साफ करताहेत. त्याच घाणीत तीन जातींचे धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरतात. दर वेळी तिथून परतताना आनंद व्हावा की लाज वाटावी ते मला ठरवता येत नाही. असो, नऊच्या आत घरी यावं लागतं, पोहे माझ्याकडे असतात.

चष्मेवाल्यांनी (माणसांनी, पक्ष्यांनी नव्हे) घेण्याआधी एक गोष्ट जरूर बघावी : आय रिलीफ. डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्मा लावून बघायचं तर पंधरा-सोळा मिलिमीटर तरी हवं. माझ्या जुन्या दुर्बिणीत ते कमी होतं, म्हणून दर वेळी चष्मा कपाळावर, मग पक्षी शोधा, मग चष्मा शोधा. हिच्यात डोळ्याकडचे रबरी कप फिरवून खाली बसवले की चष्म्यासकट सगळं दिसतं. उजवा कप मात्र वर्षभरातच सैल झाला, आपोआप खाली घसरतो. मला फरक पडत नाही, बिनचष्म्याच्या लेकाला पडतो.

आता सासूबाई. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दुर्बिणीच्या उजव्या नळीवर एक कडं असतं, दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक मिटवण्यासाठी. मी बँकेत गेले की त्या ते आपल्या डोळ्यांप्रमाणे फिरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझी सात मिनिटं ते परत जुळवण्यात जायची. शेवटी नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले : लाल माझा, गुलाबी त्यांचा. महागड्या दुर्बिणींत या कड्याला लॉक असतो. माझं काम चाळीस रुपयांच्या बाटलीत झालं.

त्यांना दुर्बिणीची गोडी लागली ती तांबट पक्ष्यामुळे. सोसायटीच्या कुंपणाला शेवगा आहे, आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपासून पाचेक मीटरवर त्याची एक वाळकी फांदी. गेल्या फेब्रुवारीत तिच्या खालच्या अंगाला तांबटाची जोडी भोक पाडायला लागली. एक आत डोकं घालून ठोकायचा, चोचीत भुसा घेऊन बाहेर यायचा, मान झटकून उडवायचा. थोड्या वेळाने दुसरा पाळीवर. त्याची टुक-टुक मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण तो चोच मिटून ओरडतो हे दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येक टुकला गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुग्यासारखी फुगते आणि बसते. कपाळावरचा लाल टिळा, डोळ्याभोवतीचं पिवळं, चोचीच्या बुडाशी मिशांसारखे राठ केस, सगळं इतकं लख्ख की सासूबाई म्हणाल्या, "अगं, याने दाढी केलेली नाही." मार्चएंडच्या धामधुमीत, काउंटरला रांग असताना त्यांचा फोन : "पिल्लाने डोकं बाहेर काढलंय, येतेस का?" कशी येणार, आई!

हिची सगळ्यात जवळची पकड तीन मीटर. त्याहून जवळ आलेला पक्षी नुसता धुरकट पुंजका. आमच्या कुंडीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो तो दीड मीटरवर, त्याला बघायला मला मागे सरकत स्वयंपाकघरात जावं लागतं. फुलपाखरांचाही नाद असेल तर ही घेऊ नका. दुसरा दोष रंगांचा. ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या तारेवर दुपारी कापशी घार बसते. पांढऱ्या आभाळासमोर तिच्या कडेला जांभळी किनार येते. या किमतीत एवढं चालवून घ्यावं लागतं.

भिगवणला गेलो तेव्हा मात्र तिने पैसे वसूल केले. उजनीच्या फुगवट्यावर, हलत्या होडीत, १० बाय ५० मधून मला फक्त मळमळलं असतं. आमचे होडीवाले दादा नुसत्या डोळ्यांनी पार पलीकडच्या काठावरचे पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) मोजत होते, त्यांच्यापुढे आपली सगळी भिंगं फिकी. पण नंतर फोटोवाल्यांच्या सवयीने त्यांनी होडी रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात घालायला घेतली. "दादा, इथंच थांबा, आम्हाला इथूनही दिसतात," म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ परत मिळाली नाही.

तक्रार अशी : पहिल्याच पावसाळ्यानंतर उजव्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागले. बुरशी. खोक्यावर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं होतं, मी ते 'वॉटरप्रूफ' वाचलं. शिंतोडे सोसणारी आणि हवाबंद करून आत नायट्रोजन भरलेली यात फार अंतर आहे, आणि ते जुलैत कळतं. सर्व्हिस सेंटरने पंधरा दिवस सांगून सात आठवडे लावले, बुरशी वॉरंटीत बसत नाही म्हणून १,८५० रुपये घेतले, आणि ऐन ब्राह्मणी बदकांच्या वेळेला मी रिकाम्या गळ्याने कवडी पाटवर उभी. यंदाच्या पावसाळ्यात ती चकलीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात होती, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुन्हा जाळं धरलेलं नाही. चकल्या स्टीलच्या पातेल्यात गेल्या आणि मऊ पडल्या, ते माझ्यावर आहे.

आणखी एक धोका कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. गॅलरीत दुर्बीण घेऊन उभी राहिलेली बाई समोरच्या बिल्डिंगला पक्षीनिरीक्षक वाटत नाही. आठवडाभराने समोरच्या काकूंनी पडदे बदलले. मग मीच त्यांना चहाला बोलावलं, तांबट दाखवला. आता त्यांच्याकडच्या पिंपळावर पिंगळा (छोटं घुबड) बसला की त्या मला मिस्ड कॉल देतात.

घेणार असाल तर दुकानात जाऊन घ्या. समोरच्या रस्त्यापलीकडची पाटी वाचा. अक्षरं दुहेरी दिसली किंवा पाच मिनिटांत डोकं दुखलं तर नळ्या एका रेषेत नाहीत, परत ठेवा. सोबतचा पट्टा मान कापतो, मी जुन्या सॅकचा रुंद पट्टा शिवून घेतलाय. पाचपैकी साडेतीन. सर्व्हिस सेंटर नसतं तर चार.

ती १० बाय ५० विकायला काढली होती. पण लेकाने एका पौर्णिमेच्या आधी ती गच्चीच्या कठड्यावर टेकवून चंद्रावरचे खड्डे पाहिले. आता तो ती देत नाही.