गिव्हवेल साइट: देणगी द्यायच्या आधी एकदा बसून वाचाच (5 पैकी 4 स्टार)

आम्ही तिघं भावंडं आईच्या नावाने दर जूनमध्ये काहीतरी देतो. सहा वर्षं वह्याच दिल्या, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून होलसेलमध्ये घ्यायच्या, कव्हरवर आईचं नाव छापून घ्यायचं आणि गोवंडीतल्या एका अभ्यासवर्गात वाटून यायच्या. गेल्या वर्षी भाच्याने या साइटची लिंक पाठवली, दोन रविवार घालवून वाचली.

संस्था अमेरिकेतली, फायनान्समध्ये नोकरी करणाऱ्या दोघांनी 2007 मध्ये सुरू केली. कुठे दिलेल्या पैशाने जास्तीत जास्त जीव वाचतात हे शोधायचं आणि सगळा हिशोब कोणालाही फुकट बघता येईल असा ठेवायचा, एवढंच काम. त्यांची मुख्य यादी अगदी छोटी आहे, मलेरियाची औषधं, मच्छरदाण्या, व्हिटॅमिन ए, बाळांचं लसीकरण, बस.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं 'आमच्या चुका' असं वेगळं पान. आणि बांगलादेशातली ती गोष्ट, तिथे शेतात काम नसतं त्या महिन्यांत शेतमजुरांना कामासाठी शहरात जायला गाडीभाड्याचे पैसे बिनव्याजी उसने द्यायची एक योजना होती, तीही यांच्या यादीत होती, सुरुवातीच्या अभ्यासात छान चालली, मोठ्या प्रमाणावर करून बघितली तर तसा परिणाम दिसेना. 2018 मध्ये गिव्हवेलने ती यादीतून काढली, 2019 मध्ये चालवणाऱ्या संस्थेने बंदच केली आणि कारण उघडपणे सांगितलं. असं सांगणारी संस्था मी तरी आधी पाहिली नव्हती.

ते सारखा एकच प्रश्न विचारतात, तुम्ही पैसे दिले नसते तर ते काम झालंच नसतं का? मी हा प्रश्न आमच्या वह्यांना लावला आणि थेट वर्गावरच्या ताईंना फोन केला. त्या आधी बोलेचनात, मग म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, पण आमची बहुतेक पोरं म्युनिसिपालिटीच्या शाळेतली, त्यांना तिथे वह्या, दप्तर, गणवेश सगळं धरून 27 वस्तू मिळतात. आम्हाला खोलीचं भाडं आणि दुसऱ्या बाईंचा पगार जड जातो, त्याला कोणीच देत नाही." सहा वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं, खूप वाईट वाटलं. आता आम्ही दुसऱ्या बाईंच्या पगारातला वाटा देतो, दर महिन्याला, आणि तीन वर्षांचं आधीच कबूल केलंय म्हणजे त्यांना दर मार्चमध्ये धाकधूक नको. दादा आधी म्हणत होता की पगाराला दिले म्हणजे ऑफिसखर्चात गेले, पण अहो शिकवणारी बाई हेच तर काम आहे! नुसती ऑफिसखर्चाची टक्केवारी बघून संस्था निवडू नका हे या साइटवरही स्पष्ट लिहिलंय, तेच त्याला दाखवलं.

एक स्टार का कापला? त्यांचं बरंचसं काम आफ्रिकेतलं, आपल्या गल्लीतली छोटी संस्था तिथे सापडणार नाही. इथून थेट परदेशी संस्थेला पैसे पाठवले तर इन्कम टॅक्समधली 80जी ची सूट मिळत नाही, तेव्हा मी तिथे दिले नाहीत, विचार करायची पद्धत तेवढी घेतली. सगळं इंग्रजीत आहे आणि पानं लांबच लांब. त्यांच्या हिशोबाच्या शीट मोबाईलवर नीट दिसत नाहीत, लॅपटॉपवरच उघडा, आणि सुरुवात त्या चुकांच्या पानापासून करा.