पाच ट्रेचा फूड डिहायड्रेटर आणि नागपुरी संत्री

फळं वाळवणारं, खालून पंखा असलेलं हे यंत्र आवळ्याला उत्तम, संत्र्याला मात्र थोडी मेहनत घ्यायला लावतं. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे चकत्या सुटतात. फोडीच वाळवा, पण बिया काढताना पाठीला चीर द्या. नाहीतर पापुद्र्याआड रस तसाच राहतो. तापमान 57 अंश, वेळ साधारण 12 ते 14 तास. घाईने 70 वर नेलं की फोड वरून कडक, आतून ओली, आणि बरणीत बुरशी. खालचा ट्रे आधी वाळतो, म्हणून दर 3 तासांनी ट्रे वर-खाली करावे लागतात. ही यंत्राची खरी उणीव. काळं मीठ, जिरेपूड, पिठीसाखर फोड चिकट झाल्यावरच भुरभुरा. आधी घातलं तर रस सुटून फोड जाळीला घट्ट बसते, उचलताना फाटते. चव मात्र सुरेख, आंबट-गोड आणि लख्ख केशरी!