अ‍ॅमस्टरडॅम ते बुडापेस्ट नदीसफर: केबिन नंतर, आधी पाणी विचारा

ऱ्हाइन, माइन आणि डॅन्यूब या तीन नद्यांवरची पंधरा दिवसांची बोटसफर आता रत्नागिरी-चिपळूणकडची मंडळीही बुक करतात. सफर पैसे वसूल करणारी आहे, फक्त एजंट पाण्याविषयी बोलत नाही. दाभोळच्या खाडीत बोट सुकतीला रुतली तर भरतीबरोबर काही तासांत सुटते. ऱ्हाइनच्या आतल्या भागात भरती पोचतच नाही. पाणी उतरलं की वरच्या मुलखात पाऊस होईपर्यंत उतरलेलंच राहतं.

ऱ्हाइनची नाजूक जागा म्हणजे जर्मनीतलं काउब. तळ खडकाळ, पाणी उथळ. तिथल्या पाणी मोजायच्या पट्टीवरचा आकडा म्हणजे खोली नव्हे. पट्टीवर ७८ सेंटिमीटर असताना बोटींच्या वाटेत १.९० मीटर पाणी मिळतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ वर आला होता. डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा असाच अडवतो. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे नेऊन दुसऱ्या बोटीत चढवतात. सामान पुन्हा बांधा, केबिन पुन्हा लावा, आणि दिवसाचं नदीदर्शन बसच्या काचेतून. तिकडच्या उन्हाळ्याची अखेर (ऑगस्ट-सप्टेंबर) आणि ऑक्टोबर यात ही भीती जास्त. मे-जूनमध्ये ती कमी, पण पुराची असते; जून २०१३ मध्ये डॅन्यूबकाठच्या पासाऊ शहरात पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. तरी निवडायचंच तर मे.

सफरीतला सर्वांत सुंदर भाग ऱ्हाइनकाठच्या किल्ल्यांचा नव्हे, माइन-डॅन्यूब कालव्याचा. दोन नद्या जोडायचा पहिला प्रयत्न फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७९३ साली केला. १८४६ चा लुडविग कालवा झाला, पण त्यावर १०० लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद) होते आणि रेल्वेपुढे तो टिकला नाही. आजचा कालवा १९९२ चा: १७१ किलोमीटर, १६ लॉक, माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर. हिल्पोल्टश्टाइनच्या लॉकमध्ये बोट जवळजवळ २५ मीटर चढते. लॉक १२ मीटर रुंद आणि बोट ११.४, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर जागा. ओली काँक्रीटची भिंत खिडकीजवळून सरकत खाली जाते, हात लांबवला तर शेवाळ लागेल इतकी जवळ. रात्र असली तरी उठून बघा. इथले पूल मात्र ठेंगणे, त्यामुळे वरच्या डेकचे कठडे आणि छत आडवे करतात, सुकाणूची खोलीसुद्धा खाली घेतात, आणि डेक बंद राहतो. उन्हात बसायच्या बेताने जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

केबिनमध्ये बाल्कनीसाठी जादा पैसे मोजायची घाई नको. धक्क्यावर दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात, त्यामुळे समोर नदीऐवजी शेजारच्या बोटीची खिडकी येते. सर्वांत खालच्या मजल्यावर खिडकी पाण्याला लागून आणि न उघडणारी, पण दिवसभर बाहेर भटकणाऱ्याला पुरते. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, बोट वळवणाऱ्या यंत्राचा आवाज, तोही नेमका मध्यरात्री लॉकमध्ये शिरताना. म्हणून मधली केबिन मागा.

जेवण भरपूर, पण मासे बहुधा गोड्या पाण्यातले, ट्राउट किंवा झांडर. सुरमईच्या जिभेला ते मवाळ लागतात. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवा. आणि त्याच पत्रात विचारा: बोट बदलावी लागली किंवा बसने न्यावं लागलं, तर किती दिवसांचे पैसे परत मिळतात?