नूतनीकरणाची तारीख छापलेलं कॉपीराइट प्रमाणपत्र

18,500 रुपयांना फसलो. आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे लाज वाटून गाळायचो.

माझी एकांकिका एका स्पर्धेत भलत्याच नावाने सादर झाली आणि माझं डोकं फिरलं. अशा वेळी कोण शांतपणे कायदा वाचत बसतो? फोनवरचा 'सल्लागार' म्हणाला, "सर, नोंदणी नाही म्हणजे हक्कच नाही." साफ खोटं! लिहून झालं की हक्क आपलाच. नोंदणी ऐच्छिक असते, कोर्टात पुरावा म्हणून कामी येते. त्याने हिशोब दिला: सरकारी फी 6,500, 'आंतरराष्ट्रीय कॉपीराइट' 7,000, पहिलं नूतनीकरण 5,000. साहित्यकृतीची खरी फी 500 रुपये आहे. आणि जगभराचं एकच कॉपीराइट कुठलंही कार्यालय देत नाही. बर्न करार म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातल्या देशांत नोंदणीशिवायच संरक्षण मिळतं.

तिसऱ्या दिवशी पीडीएफ आली. सोनेरी शिक्का, आणि खाली 'पुढील नूतनीकरण', पुढे तारीख. तिथेच थांबायला हवं होतं. लेखक गेल्यावरही 60 वर्षं टिकणाऱ्या हक्काचं दरवर्षी कसलं डोंबलाचं नूतनीकरण? शिवाय अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावंच लागतं, मग हे तिसऱ्या दिवशी उगवलं कुठून? पंचवीस वर्षं कारकुनी केली, लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. आणि इथे? प्रिंट काढून फ्रेम करून घेतली. (फ्रेमचे 350 वेगळे.)

आमच्या ग्रुपमधल्या एकाने डायरी नंबर विचारला तेव्हा उजेड पडला. ऑनलाइन अर्ज भरला की तो मिळतो, त्यावरून सरकारी संकेतस्थळावर अर्ज कुठवर आलाय ते दिसतं. एजंटाकडे आधी तोच मागा. सरकारी फी कुणाच्या खासगी यूपीआयवर मागितली, तर फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "कॉपीराइट म्हणजे गाण्यांचं ना?" मग सायबरवाल्यांकडे धाडलं. तिथले साहेब म्हणाले, "प्रमाणपत्र मिळालंय ना? मग फसवणूक कशी?" बँकेत उत्तर तयारच होतं, पैसे तुम्हीच पाठवलेत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करायचा असतो म्हणे. मी अकरा दिवस लाजेत घालवले, तुम्ही घालवू नका. चार खेपा झाल्या, तक्रार अजून नोंदलेली नाही. आता सांगितलंय, पुढच्या वेळी येताना प्रमाणपत्राची मूळ प्रत घेऊन या. पीडीएफची मूळ प्रत कुठून आणू?