राडारोड्याखालून गेलेले सागवान

2024 च्या डिसेंबरात पुण्याच्या पेठेतील आमचा जुना वाडा आम्ही चुलत भावंडांनी पाडायला काढला. पाडकामाच्या ठेकेदाराशी रीतसर करार झाला होता. सागवानी खांब, तुळया, कडीपाटाच्या म्हणजे लाकडी छताच्या फळ्या आणि जोत्याचा घडीव दगड आमचा, तर लोखंड, पत्रे आणि धड विटा त्याच्या. उरलेला राडारोडा त्याने वाघोलीला महापालिकेच्या प्रक्रिया प्रकल्पात पोहोचवायचा आणि प्रत्येक खेपेची काटापावती, म्हणजे वजनकाट्यावरची पावती, मला व्हॉट्सॲपवर पाठवायची. पावतीची अट मीच आग्रहाने घातली होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. फसवणूक झाली ती याच पावत्यांच्या आडून.

बोळात दिवसा डंपर शिरणे अवघड, म्हणून रात्री दोन खेपा होत. सकाळी मोबाइलवर दोन पावत्या आलेल्या असत. मी गाडीचा क्रमांक पाहून ‘ठीक’ असे उत्तर देई आणि वहीत दोन रेघा ओढी. अशा 31 खेपा झाल्या. दुसऱ्या आठवड्यात एकदा वाड्याच्या चौकात लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसला. पाडकामात करवत कशाला, असे विचारल्यावर ठेकेदार म्हणाला, ‘‘काका, तुळयांची सडलेली टोकं कापली.’’ मला ते पटले, हे आज लिहितानाही लाज वाटते. कारण टोके कापली असतील तर उरलेल्या तुळया कुठे आहेत, हा पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही.

काम संपल्यावर मोजणी केली. बावीस खांबांपैकी आठच शिल्लक होते. तुळया तर आम्ही आधी मोजल्याच नव्हत्या. नऊ इंच चौरस आणि आठ फूट उंच असा एक खांब म्हणजे साडेचार घनफूट सागवान. केवळ खांबांतच 63 घनफूट गेले.

मग सगळ्या पावत्या एका ओळीत मांडल्या, तेव्हा त्या बोलू लागल्या. दोन ब्रासचा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) डंपर विटा-मातीने भरला की निव्वळ वजन सात टनांच्या आसपास येते आणि बहुतेक खेपांचे तसेच होते. चार खेपांचे मात्र साडेचार ते पाच टनच. गाडी काठोकाठ भरलेली होती, कारण ठेकेदाराने पाठवलेल्या फोटोत वरचा ढीग स्पष्ट दिसतो. म्हणजे खाली विटांहून कितीतरी हलके काहीतरी रचलेले होते. शिवाय त्या चारही पावत्या प्रकल्पाच्या काट्यावरच्या नव्हत्या, वाटेतल्या एका खासगी काट्यावरच्या होत्या आणि त्यांवर रिकाम्या गाडीच्या वजनाची वेळच छापलेली नव्हती. या चारही पावत्या माझ्याकडे त्या त्या दिवशी आल्या होत्या. वजनाचा आकडा मी एकदाही वाचला नव्हता.

ठेकेदाराने शांतपणे करार पुढे केला. त्यात ‘वापरण्याजोगे लाकूड’ मालकाचे, असे लिहिले होते; वापरण्याजोगे कोणते हे कोणी ठरवायचे, ते लिहिले नव्हते. खांब वाळवीने पोखरले होते म्हणून राडारोड्यात गेले, असे त्याचे म्हणणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली, म्हणजे फौजदारी विश्वासघाताचा, तक्रार अर्ज दिला, पण खांब धड होते याचा पुरावा मागितल्यावर माझ्याकडे मुंजीतला एक धूसर फोटो निघाला. शेवटचा हप्ता रोखला, एवढीच भरपाई.

नियमांचा आधार इथे तोकडा पडला. तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या राडारोडा नियमांप्रमाणे दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टन अथवा त्याहून अधिक राडारोडा काढणाऱ्याला काँक्रीट, माती, लाकूड वगैरे वेगवेगळे करावे लागे. आमचे काम दोन्ही मर्यादांच्या आत बसत होते. आणि तशीही काटापावती गाडीतल्या मालाचे वजन सांगते, तो माल कोणता हे सांगत नाही.

म्हणून वाडा पाडणाऱ्यांनी पहिली कुदळ पडण्याआधी प्रत्येक खांबावर आणि तुळईवर रंगाने क्रमांक घालावा, टेप लावून फोटो काढावा आणि ती यादी सह्यांसह कराराला जोडावी. उतरलेले लाकूड त्याच संध्याकाळी आपल्या जागेत हलवावे. लाकूड आवारात असताना राडारोड्याची गाडी भरू देऊ नये. पावती प्रकल्पाच्या काट्यावरचीच, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनासह घ्यावी आणि तिच्यावरचे टन त्याच दिवशी ब्रासशी ताडून पाहावेत.

आमचे उरलेले आठ खांब धाकट्या भावाच्या गोदामात आहेत. त्यांच्यावर आता पांढऱ्या रंगाने 1 ते 8 असे क्रमांक घातले आहेत.