विद्यापीठ केंद्राचं प्रशिक्षण: वर्गात की कार्यालयात?

स्थानिक स्वराज्य संस्थेतल्या कर्मचाऱ्यांना केंद्रात बोलावलं की एका तुकडीत 25-30 जण बसतात, माणशी खर्च कमी येतो. नवा कायदा किंवा बदललेली खरेदीची नियमावली समजावायला हे पुरेसं आहे. खोट एकच, पण मोठी: कार्यालय बहुधा मोकळा असलेला माणूस पाठवतं, काम करणारा नव्हे. म्हणून निमंत्रणात पदनाम नाही, टेबल, म्हणजे प्रत्यक्ष हातातलं काम, लिहावं: ‘रोकडवही लिहिणारी व्यक्ती’.

हिशेब शिकवायला मात्र प्रशिक्षकाने कार्यालयातच जावं. तीन महिन्यांची रोकडवही आणि बँकेचं विवरण शेजारी ठेवून एकेक नोंद जुळवायची. फरक कुठे सापडतो? दिलेला पण न वटलेला धनादेश, बँकेने परस्पर कापलेलं शुल्क, किंवा थेट खात्यात आलेलं पण वहीत न चढलेलं अनुदान. वर्गातल्या तयार उदाहरणात हा गुंता नसतोच. एका प्रशिक्षकाला चार-पाच जणच झेपतात, शिवाय फोन आणि खिडकीवरची रांग सुरूच. सकाळचे दोन तास राखून ठेवायला साहेबांकडून लेखी घ्यावं.

केंद्राच्या संशोधनासाठीही कार्यालयातली भेट उजवी, कारण मूळ नोंदी दिसतात. त्या वापरायची परवानगी मात्र आधी, वेगळी घ्यावी. प्रशिक्षणाच्या पत्रात ती गृहीत धरू नये.