पोकळ भिंत, साणे आणि नऊ फुटांवरचा वॉल्व्ह : लातूरच्या घरातले चौदा महिने

यंदा मृगाचा पहिला पाऊस रात्री अडीचच्या सुमारास आला. माझे पती बॅटरी घेऊन घराच्या मागच्या बाजूला धावले, ओल्या जमिनीवर शिडी लावून वर चढले, आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्यासाठी नऊ फुटांवर बसवलेला वॉल्व्ह काही केल्या फिरेना. उन्हाळाभर तापून त्याची मूठ जागेवर घट्ट बसली होती. गच्चीवर आठ महिने साचलेली धूळ, कबुतरांची घाण आणि कडुलिंबाचा पाला घेऊन पाणी थेट जमिनीखालच्या टाकीत उतरले. टाकीत त्या रात्री नऊ हजार लिटर पिण्याचे पाणी शिल्लक होते. ते दोन दिवसांत पिवळसर झाले आणि त्याला वास येऊ लागला. चौदा महिन्यांपूर्वी अक्षय्य तृतीयेला आम्ही या घरात राहायला आलो, तेव्हापासून या घराविषयी लिहायचे मनात होते. पण हात लिहिता झाला तो त्या रात्रीमुळे.

रॅट-ट्रॅप बाँड, फिलर स्लॅब, पर्जन्यजल संकलन हे शब्द घर बांधायला निघालेल्या बहुतेकांना आता ठाऊक असतात, त्यामुळे लांबलचक व्याख्या देत नाही. आमचे घर एकमजली असून १,०५० चौरस फुटांचे आहे. भिंती रॅट-ट्रॅप बाँडच्या, म्हणजे विटा उभ्या काठावर ठेवून मध्ये पोकळी राखलेल्या, नऊ इंच जाडीच्या आहेत. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथले काँक्रीट केवळ सळईला धरून ठेवण्यापुरते असते, तिथे मंगलोरी कौले घातली आहेत; हाच फिलर स्लॅब. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी आहे, आणि जमिनीखाली दहा बाय दहा बाय सात फुटांची, म्हणजे सुमारे वीस हजार लिटरची टाकी आहे. घरात आम्ही तिघे राहतो : मी, माझे पती आणि सासूबाई. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला असते.

टाकी एवढी मोठी कशासाठी, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. लातूरच्या माणसाला तो प्रश्न पडत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. तिसऱ्या मजल्यावर घागरी चढवताना मी मनाशी ठरवले होते की स्वतःचे घर झाले तर पिण्याच्या पाण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे नाही. हिशेब साधा आहे. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी पंधरा लिटर धरले तर आम्हा तिघांना दिवसाला पंचेचाळीस लिटर लागतात, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मृगापर्यंतच्या आठ महिन्यांत सुमारे अकरा हजार लिटर. उरलेले नऊ हजार लिटर म्हणजे पाऊस लांबला तर धीर देणारी शिल्लक. हीच शिल्लक त्या रात्री नासली, म्हणून माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

वॉल्व्हविषयी सविस्तर लिहिते, कारण पाणी साठवणारे घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे असे मला वाटते. पहिल्या पावसाचे पाणी गच्ची धुऊन काढते आणि ते टाकीत जाता कामा नये, हे सगळ्यांनाच मान्य असते. त्यासाठी गच्चीवरून येणाऱ्या पाइपाला एक फाटा काढून त्यावर वॉल्व्ह बसवतात. पाऊस सुरू होण्याआधी तो उघडायचा, पहिले मिलिमीटर-दोन मिलिमीटर पाणी बाहेर सोडायचे आणि मग बंद करायचा. आमच्या ठेकेदाराने तो स्लॅबच्या खाली, पाइप जिथे वळतो तिथेच बसवला, कारण तिथे जोड काढणे सोपे होते आणि दीड मीटर पाइप वाचत होता. पहिल्या वर्षी पाऊस दिवसा आला, पतींनी कोरड्या शिडीवरून वॉल्व्ह उघडला-मिटला, आणि आम्ही व्यवस्था उत्तम आहे असे समजून बसलो.

यंदाच्या प्रकारानंतर मी ठेकेदाराला तीन वेळा फोन केला. नकाशाप्रमाणेच काम केले आहे, आता शिडी पक्की बसवून घ्या, एवढेच उत्तर मिळाले. मी नकाशा काढून बसले, आणि तिथे माझे मत थोडे बदलले. नकाशात वॉल्व्ह होता, त्याची जागा बरोबर होती, बाण होता. पण तो वरून पाहिलेला नकाशा होता, आणि वरून पाहिलेल्या नकाशात उंची दिसतच नाही. वॉल्व्ह जमिनीपासून किती फुटांवर असावा, हे एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. आमच्या वास्तुरचनाकारांनी फोनवर ही चूक आपली असल्याचे सरळ मान्य केले. मीही बांधकाम चालू असताना रोज जागेवर जात होते. खिडक्यांची उंची मी स्वतः टेप लावून मोजली होती, मग वॉल्व्ह नऊ फुटांवर चढताना मला काहीच खटकले नाही, हेही खरे आहे. पाऊस रात्रीही येतो, घरातला धडधाकट माणूस गावाला गेलेला असू शकतो आणि सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, या तीन गोष्टी धरूनच वॉल्व्हची जागा ठरायला हवी होती.

टाकी उपसून, घासून, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने धुऊन घेण्यात दोन दिवस गेले आणि एक टँकर विकत घ्यावा लागला. त्यानंतर मी आधी बाजारात मिळणारे, चेंडूवर आपोआप मिटणारे उपकरण आणले, कारण माणसावर अवलंबून राहायचेच नाही असे डोक्यात बसले होते. दुसऱ्याच सरीला कडुलिंबाच्या काड्या चेंडूखाली अडकून ते अर्धवट उघडे राहिले, आणि ते आत कुठे अडकले आहे हे बाहेरून कळेना. ते पैसे वाया गेले. शेवटी आमच्या गल्लीतल्या नळ काम करणाऱ्या कारागिराने सुचवलेली गोष्ट केली. गच्चीचा पाइप आधी दोनशे लिटरच्या झाकणबंद प्लास्टिकच्या ड्रममध्ये सोडला. ड्रम काठोकाठ भरला की पाणी पाइपात मागे चढते आणि वरच्या फाट्यातून टाकीकडे वळते. ड्रमला तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर, एक तोटी आहे. ती आम्ही किंचित सैल ठेवतो, म्हणजे दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत ड्रम आपोआप रिकामा होतो आणि ते पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जाते. ड्रम, पाइप आणि मजुरी मिळून अडीच हजार रुपयांच्या आत काम झाले. आता सासूबाई रोज संध्याकाळी स्टुलावर बसून तोटी तपासतात, पाला काढतात, आणि ड्रम रिकामा झाला की मला हाक मारून सांगतात.

सासूबाई या घरात राहतात, ही गोष्ट वरवर साधी वाटेल. त्यांचे माहेर किल्लारीजवळच्या एका गावात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री, भूकंप झाला तेव्हा त्या तिथेच माळवदाच्या घरात होत्या. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे थर चढवत नेलेल्या मातीचे छत. सरकारी मोजणीत सुमारे आठ हजार माणसे गेली. अनेक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. सासूबाई छताच्या एका खणाखालून निघाल्या. त्यानंतर कित्येक वर्षे त्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही तर अंगणात झोपत. आमच्या फ्लॅटमध्येही त्यांचे अंथरूण दाराजवळ असे.

आमच्या घराच्या भिंती डोक्याइतक्या झाल्या तेव्हा सासूबाई बांधकामाच्या जागेवर आल्या, बोटांच्या पेरांनी भिंतीवर दोनदा ठोकले आणि म्हणाल्या, "ही भित पोकळ हाय की गं." मला उत्तर देता आले नाही. तेव्हा आमच्या अभियंत्यांनी त्यांना कोपऱ्यावर नेले. प्रत्येक कोपऱ्यात, भिंती मिळतात तिथे आणि दारा-खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना त्याच पोकळीतून उभी सळई नेऊन काँक्रीट भरलेले होते. जोत्याला, खिडकीच्या तळाशी, लिंटेलला (दारा-खिडक्यांच्या वर) आणि स्लॅबखाली सळईचा सलग पट्टा घराभोवती फिरवलेला होता. सासूबाईंनी वर आलेल्या सळईचे टोक हातात धरून हलवून पाहिले. माळवदाला असे बांधून ठेवणारे काही नव्हते, एवढेच त्या बोलल्या. राहायला आल्यावर चौथ्या महिन्यात त्यांनी अंथरूण आपणहून आतल्या खोलीत नेले. या घराचे मोल मी कोणत्या आकड्यात सांगू?

त्यांच्या आग्रहाची एक गोष्ट मी आधी नाकारत होते : साणे. माळवदाच्या घरात उजेडासाठी छताला भोक ठेवत, तेच साणे. आमच्या स्वयंपाकघरावर अडीच फूट उंचीचा छोटा मनोरा उचलून त्याला काच आणि बाजूंनी जाळीच्या झडपा लावल्या आहेत. हा खर्च मला जुन्या आठवणींचे लाड वाटला होता. पहिल्याच वैशाखात मत बदलले. फोडणीचा धूर आणि छताखाली साचणारी गरम हवा तिथून निघून जाते, आणि संध्याकाळी उत्तरेची खिडकी उघडली की वारा जमिनीलगत आत येऊन वर चढताना जाणवतो. दुपारी बारा वाजता उजेडाचा चौकोन ओट्याच्या काठाशी असतो आणि दीडच्या सुमारास भांड्यांच्या मांडणीपर्यंत पोहोचतो. सासूबाई घड्याळ न पाहता त्यावरून जेवायला बसवतात.

उष्णतेविषयी माझ्याकडे घरगुती तापमापकाच्या नोंदी आहेत, त्या तेवढ्याच धराव्यात. यंदा मेमध्ये ओसरीच्या सावलीत दुपारी ४१ अंश असताना आतल्या खोलीत ३३ ते ३४ अंश असत. फ्लॅटमध्ये रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला की चटका जाणवे. इथे तसे होत नाही. मात्र फिलर स्लॅब आणि पोकळ भिंत म्हणजे वातानुकूलन नव्हे. रात्री खिडक्या उघडून घर निववले नाही आणि सकाळी नऊच्या आत त्या मिटल्या नाहीत, तर तिसऱ्या दिवशी हा फरक बराच कमी होतो. गेल्या वर्षी लग्नासाठी आठ दिवस गावाला गेलो होतो, तेव्हा बंद घर परतल्यावर भट्टीसारखे लागले.

पैशांचे स्पष्ट सांगते. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात, हे खरे आहे. परंतु वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली तेव्हा तिथे हात बसलेले गवंडी तयार झाले. आमच्या गवंड्यांचे हे पहिलेच काम होते. पहिले तीन थर पाडून पुन्हा रचावे लागले आणि विटांत वाचले त्यातले बहुतेक मजुरीत गेले. त्यात बाहेरून गिलावा नसल्यामुळे निवडक, खणखणीत विटाच घ्याव्या लागल्या. स्वस्त पडेल म्हणून या वाटेला जाणाऱ्याने आधी गवंडी पाहावा, मग विटेचा भाव. दुसरी अडचण खिळ्यांची. चुकीच्या जागी ड्रिल केले की खिळा पोकळीत जातो. जड वस्तू टांगायच्या जागा बांधतानाच ठरवून तिथे पोकळी भरून घ्यावी. आम्ही ते फक्त गीझर आणि मांडणीसाठी केले, आणि पंख्याच्या रेग्युलेटरजवळचा फोटो अजून जमिनीवरच टेकवलेला आहे.

किल्लारीनंतर वसवलेल्या गावांत रुंद सरळ रस्ते आले, घरे लांब लांब गेली, आणि दारात बसले तर समोर बोलायला कोणी दिसत नाही, असे सासूबाई नेहमी म्हणतात. आमच्या गल्लीत आठ प्लॉट आहेत. त्यातल्या पाच घरांनी समोर उंच कंपाउंड न घालता बसायचा कट्टा केला, आणि गच्च्यांवरून ओसंडणारे पाणी एकाच शोषखड्ड्यात सोडले. यंदा आमचे पाणी नासले तेव्हा शेजारच्या दोन घरांनी आठवडाभर पिण्याचे पाणी दिले. त्यांच्याकडे मागायला जाताना मला संकोच वाटला नाही, आणि त्यांनीही घागर भरताना एकदाही हिशेब केला नाही.

काल सकाळी टाकीत मोजकाठी सोडून पाहिली. साडेतीन फूट पाणी आहे, म्हणजे जवळपास दहा हजार लिटर. बाटलीत घेऊन उजेडात धरले तर स्वच्छ दिसते; तपासणीसाठी नमुना दिला आहे आणि अहवाल येईपर्यंत उकळूनच पितो आहोत. नऊ फुटांवरचा जुना वॉल्व्ह मी काढून घेतला आणि ती जागा टोपी लावून बंद केली. मागच्या आळीत एकांचे घर जोत्यापर्यंत आले आहे. त्यांच्या नकाशावर ड्रमची जागा आणि तोटीची उंची मी परवा पेन्सिलीने लिहून आले : जमिनीपासून दीड फूट.